माझा अनुभव: तपासणी होती, पण पॉइंटर जुना होता

लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या) नेटवर्किंगमधला एक पॅच, म्हणजे कोडमधला सुचवलेला बदल, तपासून दोन महिने झाले, तरी राग गेलेला नाही. म्हणून लिहितोय.

बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या घरी, जेवणं उरकली की वहीत आयपी हेडरचे, म्हणजे नेटवर्कवरच्या पॅकेटच्या सुरुवातीच्या माहितीचे, चौकोन आखून बसायचो. एका ओळीत चार बाइट. बराच भाग पटापट झाला. हेडर किमान २० बाइट, जास्तीत जास्त ६०, आणि पॅकेटची एकूण लांबी हेडरपेक्षा कमी नको. हे सगळं पॅचमध्ये नीट होतं.

अडलं ते एका ओळीवर. फंक्शनच्या सुरुवातीलाच हेडरचा पॉइंटर, म्हणजे त्याचा मेमरीतला पत्ता, घेतला होता. मग पुढचे बाइट हाताशी आहेत ना, हे तपासायला कर्नलचं पीएसकेबी-मे-पुल (pskb_may_pull) हे फंक्शन. आणि त्याखाली पुन्हा तोच पॉइंटर! हे फंक्शन नुसतं बघत नाही. डेटा तुकड्यांत असेल तर पुढे ओढून आणतं, आणि बफरच्या (पॅकेट ठेवलेल्या मेमरीच्या) शेवटी जागा उरली नसेल तर बफरच नवा घेतं. जुना पॉइंटर मग सोडून दिलेल्या मेमरीवर राहतो.

मी पॅच लिहिणाऱ्याला कळवलं. उत्तर आलं, तपासणी तर आहेच. पुन्हा समजावून लिहिलं. मग सतरा दिवस काहीच नाही. आई रोज विचारायची, "आलं का रे उत्तर?"

शेवटी केसॅन (KASAN, कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणारं साधन) चालू करून कर्नल बिल्ड केला. दोन रविवार गेले, एकही इशारा नाही. माझी पॅकेटं लहान आणि सलग होती, त्यामुळे बफर जागचा हलतच नव्हता. तुकड्यांत पसरलेलं, शेवटी जागा नसलेलं पॅकेट पाठवलं, आणि स्क्रीनवर केसॅनचा लांबलचक रिपोर्ट उतरला. तो जोडल्यावर दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती आली: पॉइंटर तपासणीनंतर पुन्हा घ्यायचा. एक ओळ! त्या रात्री मला फार अभिमान वाटला.

तेव्हा तुम्ही वाद घालत बसू नका, आधी बफर हलवणारं पॅकेट बनवा. लांब्यांच्या वजाबाक्याही बघा. अनसाइन्ड, म्हणजे उणे चिन्ह नसलेल्या, आकड्यातून मोठा आकडा वजा झाला की उणे येत नाही, अवाढव्य लांबी येते.

एक राहिलंच. आलेले बाइट हेडरमधल्या एकूण लांबीपेक्षा जास्त असले तर ती चूक नव्हे. इथरनेटवर पॅकेट ज्या फ्रेममध्ये गुंडाळून जातं, ती छोटी असली तर ६४ बाइटपर्यंत भरून पाठवतात, तो भराव असतो. मी पहिल्या मेलमध्ये तीही चूक म्हणून लिहिली होती, आणि ती मागे घ्यावी लागली.