कोनाड्यातली कपबशी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचो हे कळलं, की लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी विचारतंच: "सर, चांगलं-वाईट आपण मनाने ठरवतो की डोक्याने?" माझं उत्तर ठरलेलं आहे. ठरवतं मन. डोकं मागाहून वकीलपत्र घेऊन येतं.

हे मी पुस्तकांच्या आधी आजीकडून शिकलो. अंगण झाडायला येणाऱ्या मावशींची कपबशी आमच्याकडे मागीलदारच्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली असे. आठ-नऊ वर्षांचा असेन, विचारलं, असं का? "तिची आंघोळ झालेली नसते रे." मावशी तर नदीवरून न्हाऊन यायच्या. "त्यांच्यात काय काय खातात." पण कप घासल्यावर त्यात काय उरतं? "पुरे झाला आगाऊपणा!" दोन कारणं पडली, तिसरं सापडलं नाही, कपबशी मात्र कोनाड्यातच राहिली.

पुढे जोनाथन हाइट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा २००१ सालचा लेख वाचला आणि आजी भेटली. कुणाचंही नुकसान होत नाही, पण ऐकून किळस येते, अशा गोष्टी सांगून लोकांना विचारायचं, यात चूक काय? लोक कारणं देतात, ती खोडली की नवी शोधतात आणि शेवटी म्हणतात, कारण सांगता येत नाही, पण हे चूकच. बुद्धी ही भावनांची दासी आहे, असं स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम १७३९ सालीच लिहून गेला होता. जर्मन तत्त्वज्ञ कांटचं म्हणणं उलटं. निव्वळ कणव आली म्हणून केलेल्या मदतीला त्याच्या लेखी नैतिक मोल नाही. मला हे कधीच पटलं नाही. (सुटलेली ट्रॉली वळवून पाचांना वाचवण्यासाठी एकाचा जीव घ्यावा का, हे प्रसिद्ध कोडं मी वर्गात फार वापरलं नाही. आमच्या पोरांना ट्रॉली म्हणजे उसाची.)

त्याऐवजी मी महाड शिकवायचो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केलं. कागदावर बुद्धी जिंकली होती. तरी अस्पृश्यांना तिथे पाणी भरू दिलं जात नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी हजारोंसह ते पाणी प्यायलं, तेव्हा गावातल्या सवर्णांनी जमावावर हल्ला केला आणि नंतर पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं. माणसाचा हात लागलेलं पाणी शेण-गोमूत्राने शुद्ध! कळतं पण वळत नाही म्हणतात, ते असं. इथे तर कळूनही घ्यायचं नव्हतं.

मग बुद्धीचं काम काय? हिशेब मागणं. चवदार तळ्याचा खटला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. तळं फक्त आमचंच, अशी अनादी काळापासूनची रूढी आहे, हे सवर्णांना सिद्ध करता आलं नाही आणि १९३७ साली निकाल त्यांच्या विरोधात लागला. किळस कधी पुरावा घेऊन फिरत नाही. कुणी मागितला, तरच तिची पंचाईत होते.

पण भावना वाईट आणि बुद्धी चांगली, असं म्हणू नका. तळ्यावर गेलेल्यांच्या मनातही चीड होतीच. फरक इतकाच, की 'का?' विचारलं तर तिचं उत्तर जागचं हलत नव्हतं. गुरं पाणी पितात, मग आम्ही का नाही? माझी कसोटी हीच. कारण खोडून पाहा. कारण गेलं तरी मत तसूभरही हललं नाही, तर ते कारण मुळात मताचं नव्हतंच.

आता हे सगळं शिकवून निवृत्त झालेल्या माणसाच्या घरचं ऐका. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या ताईंना चहा स्टीलच्या ग्लासात, आम्हाला कपात. लेकीने एकदा विचारलं, "बाबा, त्यांना ग्लास का?" मी ताबडतोब म्हणालो, "त्यांना ग्लासच आवडतो."

"त्यांना विचारलंत?"

विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी विचारलं. ताई पदराच्या घडीत ग्लास धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "कप असला तर बरंच की हो सर. हे लई पोळतंय."