आत्याच्या साठीचं कार्ड आणि डिंकाची बरणी

तर झालं असं की येवल्याच्या आत्याला जानेवारीत साठ वर्षं पूर्ण झाली आणि मी महिनाभर आधीच घरात डिक्लेअर करून टाकलं की कार्ड मी हातानं बनवणार. आई म्हणाली, "साडी घे एक आणि मोकळी हो." आता आत्या राहते येवल्यात, तिच्या गल्लीत दर दोन घरं सोडून पैठणीचा माग, तिला नाशकातून साडी नेणं म्हणजे निफाडला द्राक्षं नेण्यासारखंच.

मग डोक्यात आलं, साडी नाही तर निदान साडीसारखं कार्ड. पैठणीतली ती धूपछाव असते ना, उभा धागा (ताणा) एका रंगाचा आणि आडवा (बाणा) दुसऱ्या, म्हणून पदर जरा हलवला की वांगी रंगातून एकदम हिरवं डोकावतं, तसं कागदावर जमवायचं. आणि ते शिमर स्प्रेनं, म्हणजे कागदावर फवारायच्या चमचमत्या रंगानं, जमू शकतं हे मला माहीत होतं, कारण दिवाळीत एक रेडीमेड बाटली मागवलेली. इवलीशी बाटली, पाच-सहा कार्डांत खडखडाट. परत तेवढे पैसे घालायचं जिवावर आलं म्हणून म्हटलं घरीच करू.

यात असतं काय, तर पाणी, रंग आणि मायका. मायका म्हणजे आपलं अभ्रक, शाळेत भूगोलात कोडरमा कोडरमा म्हणून पाठ केलेलं तेच. त्याच्या बारीक चकत्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर चढवलेला असतो, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाच्या आसपासचा, आणि त्या थराची जाडी बदलली की चमकेचा रंग बदलतो, कुठं हिरवी, कुठं जांभळी. मजा म्हणजे त्या पावडरीत हिरवा रंग असा नसतोच! पावसात रस्त्यावर पेट्रोल सांडलं की इंद्रधनुष्य दिसतं, तसलाच प्रकार. डबी उघडली तर आत नुसती पांढरी पावडर, मला आधी वाटलं फसवलं आपल्याला.

पहिला प्रयत्न: कोरोनातल्या सॅनिटायझरच्या रिकाम्या स्प्रे बाटल्या आईनं जपून ठेवल्यात (आमच्याकडं काहीच फेकत नाहीत), त्यातल्या एकीत पाणी आणि अर्धा चमचा मायका, हलवलं, फवारलं. वाळल्यावर भारी दिसलं. बाबांनी हातात घेऊन बघितलं, मग चष्मा सरळ केला, मग गाल खाजवला आणि संध्याकाळी बाबा तसेच चमकत कॉलनीच्या मीटिंगला गेले, कुणी सांगितलंच नाही त्यांना. चुक माझी होती, कागदाला धरून ठेवणारं त्यात काही नव्हतंच, पाणी उडून गेलं आणि पावडर वर नुसती बसून राहिली.

धरून ठेवायला गम अरेबिक घालतात, म्हणजे डिंकच की. आणि थंडीचे दिवस, डिंकाचे लाडू व्हायचे होते, बरणी भरलेली. आईला न सांगता चार खडे उचलले, कोमट पाण्यात रात्रभर ठेवले, सकाळी फडक्यातून गाळले, कचरा फार निघतो त्यात. दोन चमचे ते पाणी बाटलीत घातलं आणि खरंच, वाळल्यावर बोट फिरवलं तर बोटाला जेमतेम काहीतरी लागलं. इथंच थांबायला हवं होतं मी.

पण त्या आठवड्यात थंडी अशी की पेपरात रोज निफाडचा पारा, आणि गॅलरीत कार्ड वाळायला तासन्‌तास लागायचे. कुठंतरी वाचलेलं की स्पिरिट घातलं की लवकर वाळतं. घातलं, अर्धी बाटली. आणि डोळ्यांदेखत आतलं सगळं फाटलेल्या दुधासारखं झालं. डिंक पाण्यात विरघळतो, अल्कोहोलमध्ये नाही, जास्त झालं की गुठळ्या होऊन बाहेर पडतो. त्या गुठळ्यांनी नोझल असं चोंदलं की सुई घातली तरी ऐकेना, शेवटी बाटली नोझलसकट कचऱ्यात. आईनं पहिल्यांदाच काहीतरी फेकू दिलं. आता मी स्पिरिटच्या वाटेला जात नाही, लांबून हेअर ड्रायर मारते, आणि काम झालं की नोझल लगेच कोमट पाण्यात, दोन-चार फवारे साध्या पाण्याचे. डिंकाचं पाणी बुरसतं पण लवकर, म्हणून थोडंच करायचं आणि फ्रिजमध्ये ठेवायचं. लेबल लावून! आमच्याकडं एकदा भाऊ पिणार होता.

कागदाचं थोडक्यात सांगते. साधं कार्डशीट ओलं झालं की उडदाच्या पापडासारखं वळतं. मेनरोडवरून वॉटरकलरचा ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाडजूड, कागद आणला तेव्हा कुठं सरळ राहिला. घडी घालायची रेघ आधीच संपलेल्या रिफिलनं दाबून घ्यायची, नंतर दाबलं तर चमक त्या जागी तडकते.

आता धूपछाव. पांढऱ्या कागदावर हिरव्या चमकेचा मायका मारला तर काही दिसेचना, कार्डावर कुणीतरी पाणी सांडलंय इतकंच. त्याला खाली गडद रंग लागतो. मग आधी वांगी रंगाचा स्प्रे मारला, आणि घाई नडली, तो ओला असतानाच वरून दुसरा मारला, पावडर रंगात बुडाली आणि नुसतं चिखलासारखं मळकट झालं. अशी तीन कार्डं गेली. चौथ्याला खालचा थर रात्रभर वाळू दिला, सकाळी बाटली खूप हलवली (मायका तळाशी बसतो, दर दोन फवाऱ्यांनी हलवावीच लागते), हातभर लांबून अगदी हलकं धुकं सोडल्यासारखं मारलं, थांबले, परत मारलं. वाळल्यावर खिडकीशी नेऊन तिरकं केलं आणि वांग्यातून हिरवं आलं! मी एकटीच ओरडले स्वैपाकघरात.

लगेच फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. काकूचा मेसेज, "छान गं, पण चॉकलेटी का केलंस?" समोरून काढला तर चॉकलेटी, तिरका काढला तर राखाडी, व्हिडिओत जरासं काहीतरी हलतं. अकरा फोटो काढून डिलीट केले. हातात धरून हलवल्याशिवाय ते दिसतच नाही, म्हणून आत बटरपेपर घालून स्पीड पोस्टनं पाठवलं, इथून ८०-८५ किलोमीटरवर. पोस्टाची तिकिटं छापणारी प्रेस नाशिकरोडलाच आणि आमच्या घरात पत्र टाकून किती वर्षं झाली कुणाला आठवेना.

वाढदिवसाला दुपारी आत्याचा फोन. "अगं हे हलवलं की रंग बदलतोय, थांब हां, काकूंना दाखवते." काकू म्हणजे शेजारच्या, त्यांच्याकडं दोन माग आहेत. मागून त्यांचा आवाज आला, "ताणा कोणता धरलाय हिनं?" मी म्हटलं ताणा वांगी, बाणा हिरवा. जरा वेळ शांतता, कार्ड बहुतेक उजेडाला धरून बघत असणार.

मग काकू म्हणाल्या, "बरोबर आहे, पण काठ कुठंय?"

आता नारळी काठाचं स्टेन्सिल कापतेय, जुन्या एक्सरेच्या फिल्मवर. सोनेरी मायका संपलाय आणि डिंकाची बरणी आईनं वरच्या फळीवर ठेवलीये.