झारखंडला जाताय? झरियासाठी एक दिवस ठेवा

आपल्याकडून झारखंडला जाणारे बहुतेक जण देवघरचं बैद्यनाथ किंवा पारसनाथ डोंगरावरचं सम्मेद शिखरजी करून परततात. फार तर रांचीजवळचा हुंडरू धबधबा. आम्ही या खेपेला कोळसा आणि लोखंडाच्या मागावर गेलो, आणि तसंच जावं असं मनापासून सांगावंसं वाटतं.

सुरुवात जमशेदपूरपासून करा. मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याला जाणाऱ्या गाड्या टाटानगरला थांबतात. एक दिवस आणि वर काही तास धरा. या स्टेशनाचं जुनं नाव कालीमाटी, 1919 साली ते बदललं. 1912 मध्ये इथे पोलाद ओतायला सुरुवात झाली. हीच जागा का, हे नकाशा उघडला की कळतं. दक्षिणेला गोरुमहिसानीचं लोहखनिज, उत्तरेला झरियाचा कोळसा आणि शहराला लागून सुवर्णरेखा व खरकई या दोन नद्या. संध्याकाळी ज्युबिली पार्कात चक्कर मारा. शहर देखणं आहे, पण एक मुक्काम पुरे.

तिथून धनबाद. धनबाद स्टेशनपासून झरिया जेमतेम आठ किलोमीटर, शेअर रिक्षा सतत असतात. पोलाद बनवायला लागणारा उत्तम दर्जाचा कोकिंग कोळसा देशात प्रामुख्याने इथेच सापडतो, आणि तोच 1916 पासून जमिनीखाली जळतोय. झरियातल्या लोदना भागात भेगांमधून धूर निघताना दिसतो, बुटाच्या तळव्याला ऊब लागते आणि गंधकाचा वास घशात बसतो. अशा जमिनीवर घरं आहेत. अंगणात वाळवण, भिंतीला तडा, शाळेत निघालेली पोरं. जमीन खचून पडणाऱ्या खड्ड्याला तिथे ‘गोफ’ म्हणतात, आणि कुणाच्या दारात कधी गोफ पडला ते गल्लीतल्या प्रत्येकाला पाठ असतं. 2009 मध्ये पुनर्वसनाचा आराखडा मंजूर झाला, बेलगडियाला वसाहत उभी राहिली. तिथे गेलेल्यांचं दुखणं वेगळंच: डोक्यावर छप्पर आलं, पण मजुरी झरियातच राहिली. लोक का हलत नाहीत, असं लांबून विचारणं सोपं आहे. तिथल्या एका आजींनी मला उलट विचारलं, “वहाँ खाएँगे क्या?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पहाटे रस्त्यावर सायकलवाले भेटतात. सायकलला दोन्ही बाजूंनी कोळशाची पोती लटकवलेली, त्यामुळे बसायला जागाच उरत नाही. माणूस ती ढकलत चढ चढतो. फोटो काढायचा मोह होईल. आधी विचारा, आणि ‘नाही’ म्हणाले तर कॅमेरा खाली ठेवा.

खाणीच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरू नका. ओळखीचा स्थानिक माणूस सोबत असल्याशिवाय आगीच्या भागात पाऊलही टाकू नका. वरून घट्ट दिसणारी जमीन आतून पोकळ असते. पावसाळ्यात हा भाग टाळाच. जाड तळव्याचे बूट, चांगला मास्क आणि भरपूर पाणी हवंच. दमेकऱ्यांनी आणि लहान मुलं बरोबर असणाऱ्यांनी लांबूनच पाहावं. मुक्काम धनबादला करा, हॉटेलं बँक मोडच्या आसपास मिळतात.

जवळच चासनाला नावाचं गाव आहे. 27 डिसेंबर 1975 रोजी इथल्या खाणीत पाणी घुसून 375 कामगार गेले. स्मारकापाशी थोडा वेळ थांबा.

रांचीला बसने जाता येतं. तिथल्या जुन्या तुरुंगात 9 जून 1900 रोजी बिरसा मुंडांचा मृत्यू झाला. 2021 पासून तिथे संग्रहालय आहे. राज्याची स्थापनाही त्यांच्याच जयंतीला, 15 नोव्हेंबर 2000 रोजी झाली. जंगल आणि जमिनीवरच्या हक्कासाठी ते लढले होते. झरिया पाहून आल्यावर हे संग्रहालय जास्त भिडतं, म्हणून क्रम हाच ठेवा. बाहेर आलात की गरम धुस्का आणि घुगनी, म्हणजे हरभऱ्याची उसळ, खा; धुस्का ही तांदूळ-डाळीच्या पिठाची तळलेली पुरी सकाळीच ताजी मिळते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. हुंडरू मात्र पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात खरा भरलेला असतो; तोही पाहायचा असेल तर ऑक्टोबरच्या अखेरीस निघा. परतीसाठी रांचीजवळच्या हटिया स्टेशनाहून लोकमान्य टिळक टर्मिनसला थेट गाडी आहे. ती रोज नसते, त्यामुळे आधी तिचा वार पाहा आणि मगच बाकीचे मुक्काम ठरवा.