तांबे तयार होत नाही, साठते : ‘विल्सन रोग’ हा मराठी लेख सुधारताना

विल्सन रोगावरचा इंग्रजी लेख यंत्राकडून मराठीत उतरवून घेतला, तर पहिले वाक्य साधारण असे निघते : ‘विल्सन रोग हा एक अनुवांशिक विकार आहे ज्यामध्ये शरीरात अतिरिक्त तांबे तयार होते.’ विकिपीडियावर असे वाक्य दिसले तर बाकीच्या लेखाला हात लावण्याआधी हे एकच वाक्य दुरुस्त करा. तांबे हे मूलद्रव्य आहे, शरीर ते तयार करूच शकत नाही. ते रोजच्या जेवणातून येते, साधारण एक-दोन मिलीग्रॅम. निरोगी माणसाचे यकृत त्यातले लागेल तेवढे वापरते आणि उरलेले बाहेर टाकते. या आजारात बिघडते ते हे बाहेर टाकणे. ‘तयार होते’ असे वाचलेल्या माणसाला पुढचा सगळा लेख उलटा समजतो. शिवाय शब्द ‘अनुवांशिक’ नाही, ‘आनुवंशिक’ आहे. वंश, अनुवंश, आनुवंशिक.

दुरुस्त वाक्य असे होईल : ‘विल्सन रोग हा आनुवंशिक आजार आहे. यात शरीराला नको असलेले तांबे यकृतातून बाहेर पडत नाही. ते आधी यकृतात आणि मग मेंदूत व डोळ्यांत साठत जाते.’ तीन छोटी वाक्ये, ‘ज्यामध्ये’ला टांगलेले काही नाही. शोधयंत्रे पुष्कळदा लेखाचा आरंभच उचलून वर दाखवतात आणि बरेच जण तेवढेच वाचून थांबतात. म्हणून या तीन वाक्यांवर तासभर गेला तरी तो सार्थकी लागतो.

काम सुरू करताना आधी लेखाचा इतिहास उघडा आणि चर्चा पान वाचा. कुणी मध्येच अर्धवट सोडलेले काम असेल तर ते तिथे कळते. मोठा बदल थेट लेखात करू नका. स्वतःच्या धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर) विभाग लिहा, तपासा आणि मग एकेक विभाग लेखात आणा. वीस हजार बाइट एका फटक्यात टाकले की ते कुणीच तपासत नाही, आणि एक चूक निघाली तर सगळेच उलटवले जाते. प्रत्येक बदलाच्या सारांशात काय केले ते लिहा. इंग्रजी लेखातून भाषांतर केले असेल तर तसे सारांशात नोंदवणे परवान्यानुसार बंधनकारक आहे, ते सौजन्य नव्हे.

संदर्भांच्या बाबतीत दुर्मीळ आजारांवरचे लेख सर्वांत जास्त घसरतात. एका रुग्णावरचा अहवाल, उंदरांवरचा प्रयोग, ‘अखेर औषध सापडले’ अशी वर्तमानपत्रातली बातमी यांपैकी कशावरही वैद्यकीय विधान उभे करू नका. आढावा लेख, तज्ज्ञ संघटनांची मार्गदर्शक तत्त्वे आणि पाठ्यपुस्तके यांवरच भिस्त ठेवा, तीही शक्यतो गेल्या पाच-सात वर्षांतली. विल्सन रोगाबाबत आपण सुदैवी आहोत. यकृततज्ज्ञ, बालपचनविकारतज्ज्ञ आणि हालचालींच्या विकारांचे तज्ज्ञ अशा तीन भारतीय संघटनांनी मिळून २०१९ साली या आजारावर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. अमेरिकन यकृत संघटनेची २०२२ची तत्त्वे सोबत ठेवा. दोन्हींत फरक आढळला तर तो दडपू नका, दोन्ही मते संदर्भासह द्या.

आता शब्द. या लेखात आपले रोजचे शब्दच दगा देतात.

‘तांबे पित्तावाटे बाहेर पडते’ हे वाक्य शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. पण मराठी घरात ‘पित्त झालंय’ म्हणजे आंबट ढेकर, जळजळ, डोकेदुखी. हे वाक्य वाचून कुणी पित्तशामक गोळीचा विचार करू शकतो. म्हणून पहिल्या उल्लेखात नीट फोड करा : ‘यकृतात तयार होऊन आतड्यात उतरणारा पित्तरस’. एकदा स्पष्ट केले की पुढे नुसते ‘पित्तरस’ चालते.

दुसरा शब्द ‘वाहक’. सदोष जनुकाची एकच प्रत असलेला, स्वतः आजारी नसलेला माणूस म्हणजे वाहक. पण या आजाराचे मूळ असलेले प्रथिनसुद्धा तांब्याची ने-आण करते, आणि भाषांतरात तेही ‘वाहक प्रथिन’ होऊन बसते. मग ‘वाहकात दोष असल्यास आजार होतो’ असे वाक्य तयार होते आणि निरोगी आईबाप घाबरतात. वाहक हा शब्द फक्त माणसासाठी राखून ठेवा. प्रथिनाला ‘तांबे वाहून नेणारे प्रथिन’ म्हणा. लांब आहे, पण गोंधळ टळतो.

हे जनुक एटीपी७बी. ते तेराव्या गुणसूत्रावर असते आणि १९९३ साली सापडले. त्याचे प्रथिन यकृताच्या पेशीत दोन कामे करते : सेरुलोप्लाझ्मिन नावाच्या प्रथिनात तांबे भरते, आणि जास्तीचे तांबे पित्तरसात सोडते. ही दोन्ही कामे लेखात सांगितलीच पाहिजेत, कारण त्याशिवाय तपासण्यांचा अर्थ लागत नाही. ‘रुग्णाच्या रक्तात तांबे वाढलेले असते’ हे वाक्य सहज लिहिले जाते आणि ते बहुतेक वेळा चूक असते. रक्तातले बहुतांश तांबे सेरुलोप्लाझ्मिनमध्ये असते; तेच कमी झाल्यावर रक्तातल्या एकूण तांब्याचा आकडा उलट कमी येतो. वाढते ते मोकळे, म्हणजे सेरुलोप्लाझ्मिनला न बांधलेले तांबे. ‘एकूण’ आणि ‘मोकळे’ हे दोन शब्द गाळले तर हातात अहवाल घेऊन बसलेल्या कुटुंबाला वाटेल की आकडा कमी आहे, म्हणजे सगळे ठीक आहे.

आकडे लिहिताना एकक पुन्हा पुन्हा तपासा. सेरुलोप्लाझ्मिन मिलीग्रॅममध्ये मोजतात : दर डेसिलिटरला सुमारे २० ते ४० सामान्य, १० पेक्षा कमी असेल तर संशय बळावतो. चोवीस तासांच्या लघवीतले तांबे मात्र मायक्रोग्रॅममध्ये. मोठ्या माणसात १०० पेक्षा जास्त असेल तर आजाराकडे बोट दाखवते, मुलांसाठी ४० ही मर्यादा धरतात. यकृताच्या तुकड्यात कोरड्या वजनाच्या दर ग्रॅमला २५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त. मायक्रोच्या जागी मिली पडले की चूक हजारपट होते, आणि यंत्रानुवादात ‘एमसीजी’चे (मायक्रोग्रॅमच्या इंग्रजी संक्षेपाचे) असे हाल होऊ शकतात.

यातला एकही आकडा एकटा निर्णायक नाही, हे त्याच परिच्छेदात लिहा. अंगात दाह असताना किंवा गरोदरपणात सेरुलोप्लाझ्मिन वाढते, त्यामुळे रुग्णातही ते सामान्य दिसू शकते. तान्ह्या बाळात ते मुळातच कमी असते. काही निरोगी वाहकांतही कमी निघते. म्हणूनच डॉक्टर लाइपझिग गुणपद्धती वापरतात. डोळ्यातले कडे, मज्जासंस्थेची लक्षणे, सेरुलोप्लाझ्मिन, लघवीतले व यकृतातले तांबे, जनुक चाचणी यांना गुण देतात. बेरीज ४ किंवा अधिक झाली तर निदान पक्के, ३ असेल तर शक्यता आहे पण आणखी तपासण्या हव्यात. लेखात एकच तक्ता घालायचा असेल तर तो हाच घाला.

डोळ्यातल्या कड्याचे नाव ‘केसर-फ्लेशर’ असे लिहू नका. कायझर आणि फ्लायशर हे दोघे जर्मन डॉक्टर. १९०२ आणि १९०३ साली त्यांनी या कड्याचे वर्णन केले. ‘कायझर-फ्लायशर कडे’ लिहा. ‘डोळ्याभोवती’ हेही चूक, वाचणारा डोळ्याखालची काळी वर्तुळे समजेल. कडे असते पारपटलाच्या, म्हणजे बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्याच्या काठाला, आतल्या थरात. सोनेरी-तपकिरी, पुष्कळदा आधी वरच्या बाजूला दिसू लागते. नुसत्या डोळ्यांना नेहमी दिसत नाही, स्लिट लॅम्प या डोळे तपासण्याच्या उपकरणाखाली पाहावे लागते. मेंदूची लक्षणे असलेल्या बहुतेक रुग्णांत ते सापडते, पण फक्त यकृताचा त्रास असलेल्यांत जवळपास निम्म्यांत नसते. म्हणून ‘कडे नाही म्हणजे आजार नाही’ असा अर्थ निघेल अशी वाक्यरचना टाळा.

इतिहासाचा विभाग आटोपशीर ठेवा. सॅम्युएल अलेक्झांडर किनियर विल्सन यांनी १९१२ साली या आजाराचे सविस्तर वर्णन केले, एवढ्या ओळीवर भागते. विल्सन नावाचे निःसंदिग्धीकरण पान (एकाच नावाच्या वेगवेगळ्या लेखांची यादी देणारे पान) मात्र हवेच; मराठी वाचकाला त्या नावाने मुंबईचे महाविद्यालय आणि भंडारदऱ्याचे धरण आधी आठवते. ‘विल्सन डिसीज’, ‘विल्सन्स डिसीज’, ‘विल्सनचा आजार’ या नावांची पुनर्निर्देशनेही, म्हणजे त्या नावांवरून याच लेखाकडे नेणारी पाने, करून ठेवा. लोक हेच टंकतात.

मराठी लेखात एक विभाग इंग्रजीपेक्षा सविस्तर असायला हवा, तो तांब्याच्या भांड्यांचा. रात्री तांब्याच्या भांड्यात भरून ठेवलेले पाणी सकाळी पिण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. विल्सन रोग या सवयीमुळे होत नाही, तो जनुकामुळे होतो. पण ज्याला हा आजार आहे त्याने तांब्याच्या भांड्यात साठवलेले पाणी किंवा शिजवलेले अन्न घेऊ नये, हे मार्गदर्शक तत्त्वांत सांगितलेले आहे. दोन्ही वाक्ये एकाला एक लागून लिहा. पहिले एकटे लिहिले तर पथ्य सुटते. दुसरे एकटे लिहिले तर आईने भांड्याचा दोष स्वतःकडे घेतला असे होते.

इथेच आणखी एक गल्लत होते. एकेकाळी भारतात लहान मुलांना यकृताचा एक जीवघेणा आजार होत असे, त्याला भारतीय बाल-सिरोसिस म्हणतात. १९८०च्या दशकात पुण्यातल्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर केलेल्या अभ्यासांतून त्याचा संबंध तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवलेल्या, साठवलेल्या दुधाशी दिसून आला. भांड्याला कल्हई नसली की दूध तांबे ओढून घेते. अशी भांडी वापरातून गेली तसा आजारही जवळपास नाहीसा झाला. यकृतात तांबे साठणे एवढेच या दोन आजारांत साम्य. त्या मुलांत सेरुलोप्लाझ्मिन कमी नसते. म्हणून ही माहिती विल्सनच्या लेखात एका ओळीत देऊन तिथून स्वतंत्र लेखाचा दुवा द्या. पुण्यातल्या या कामावर चांगला मराठी लेख असायलाच हवा. कल्हई म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

वारशाच्या विभागात ‘चारपैकी एका मुलाला हा आजार होतो’ असे लिहिले की पहिले मूल आजारी असलेले आईबाप पुढची तीन सुरक्षित समजतात. लिहा : ‘दोघे पालक वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के.’ मुलगा-मुलगी असा भेद नाही, हेही लिहा. ‘अलिंगी गुणसूत्रावरील अप्रभावी’ या पाठ्यपुस्तकी शब्दांतून ते आपोआप कळत नाही. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांची, लक्षणे नसली तरी, तपासणी करायची असते. हे वाक्य लेखाच्या प्रस्तावनेत न्या, तळाशी ठेवू नका. दर ३०,०००मागे एक हा जगभरात वापरला जाणारा आकडा द्या, पण त्याने भारताची लोकसंख्या भागून ‘भारतात इतके रुग्ण’ असे लिहू नका. तो गुणाकार-भागाकार आपला असतो, कुणी मोजलेला नसतो.

लेखाच्या बाजूला येणाऱ्या माहितीचौकटीतली एक तांत्रिक अडचण बराच वेळ खाते. आयसीडी, ओमिम, ऑर्फानेट या आजारांच्या सूच्यांतले क्रमांक आणि संदर्भांतले पीएमआयडी, डीओआय हे शोधनिबंधांचे ओळख-क्रमांक देवनागरी अंकांत टाकले तर बाहेरचे दुवे चालत नाहीत. लेखाच्या मजकुरात १९१२ लिहा, पण या रकान्यांत इंग्रजी अंकच (0 ते 9) ठेवा. जतन केल्यावर प्रत्येक दुवा एकदा दाबून पाहा.

उपचारात पेनिसिलामिन, ट्रायंटिन आणि जस्त ही तीन नावे येतात. पेनिसिलामिनचे ‘पेनिसिलिन’ होऊ देऊ नका. लेखात शोध लावून प्रत्येक ठिकाणी खात्री करा. डॉक्टर जॉन वॉल्श यांनी १९५६ साली ते या आजारासाठी पुढे आणले. ते साठलेले तांबे लघवीवाटे काढते, तर जस्त आतड्यातून तांबे शोषलेच जाऊ नये असे पाहते. मात्रा लिहू नका. विश्वकोश म्हणजे औषधाची चिठ्ठी नाही. पण दोन गोष्टी गाळू नका. सुरुवातीला काही रुग्णांत मज्जासंस्थेची लक्षणे वाढू शकतात. आणि औषध आयुष्यभर चालते; बरे वाटते म्हणून बंद केले तर यकृत निकामी होऊन जीव जाऊ शकतो. याला अपवाद यकृतरोपणाचा, कारण नव्या यकृतात ते जनुक नीट काम करते.

किमतीची माहिती महिना-वर्षासह द्या. ट्रायंटिनचा वर्षाचा खर्च आयात औषधाने सुमारे २.२ कोटी रुपये होत होता, तो देशी उत्पादनामुळे सुमारे २.२ लाखांवर येईल, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २०२३मध्ये सांगितले. ‘आता औषध स्वस्त झाले आहे’ असे लिहिलेत तर ते ‘आता’ कधीचे हे दोन वर्षांनी कुणालाच कळणार नाही. महिना असेल तर पुढच्या संपादकाला आकडा आणि तारीख तेवढी बदलावी लागते, बाकी परिच्छेद तसाच राहतो.