ठेंगा

"अंगठा वर करा," मी म्हटलं. त्याने जोर लावला, कपाळाला आठ्या पडल्या, पण अंगठा जागचा हलला नाही. मनगटही लटकलेलं. हात टेबलावर ओल्या फडक्यासारखा पडून होता.

फिजिओथेरपीत ही केस नवी नाही. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून गाढ झोपलं की दंडाच्या हाडाला लगटून जाणारी रेडियल नर्व्ह दाबली जाते आणि सकाळी मनगट उचलत नाही. त्यानेही तेच सांगितलं, खुर्चीत झोप लागली म्हणून. पण दंडावर बाहेरच्या बाजूला, कोपराच्या थोडं वर, दोन बारीक समांतर वळ होते. खुर्चीला दोऱ्या नसतात.

बायकोला जरा बाहेर बसायला सांगितलं. मनाविरुद्ध काही झालंय का, हे माणसाला एकट्यालाच विचारावं लागतं. तो लाजून लाल झाला. "नाही हो, हौस माझीच."

मग तिला आत बोलावलं. दोरी चाळीस मिनिटं होती.

"मुंग्या कधी आल्या?"

"दहाएक मिनिटांत."

"मग बोलला का नाहीत?"

"मी सब होतो ना. सबने बोलायचं नसतं."

मी पेन खाली ठेवलं. दोघांनी खूप वाचलं होतं. बीडीएसएमची, म्हणजे संमतीने बांधण्याच्या, हुकमाच्या आणि वेदनेच्या या खेळाची, फोड मला धडाधड म्हणून दाखवली: बॉन्डेज-डिसिप्लिन, डॉमिनन्स-सबमिशन, सेडिझम-मॅसोकिझम. नावं पाठ, पण थांबवायचं कसं तेवढं राहून गेलेलं. सब म्हणजे आपली सूत्रं दुसऱ्याच्या हाती देणारा. स्वतः होऊन दिलेली सूत्रं कधीही परत मागता येतात, नाहीतर तो खेळ कसला?

"आणि मी डॉम, हुकूम सोडणारी," ती म्हणाली. "म्हणजे, हा सांगेल तिथे गाठ मारत होते."

"मग तुम्ही फक्त टॉप," मी म्हटलं. बांधणारा तो टॉप, बांधून घेणारा तो बॉटम. हुकूम कोणाचा चालतो ही वेगळी गोष्ट. इथे हुकूम बांधलेल्या माणसाचाच चालला होता. ती इतकी हसली की तोही हसला. आलटून पालटून दोन्ही करणाऱ्यांना स्विच म्हणतात, हे ऐकल्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी पुढे विचारलं नाही.

सेफवर्डवर मात्र बराच वेळ घालवला. "नको म्हटलं की थांबेनच की मी," ती म्हणाली. पण खेळात कितीदा 'नको नको' लाडानेच म्हटलं जातं. म्हणून खेळात चुकूनही येणार नाही असा शब्द आधी ठरवायचा, किंवा सिग्नलचे रंग: पिवळा म्हणजे सावकाश, लाल म्हणजे सगळं बंद. लिमिट, म्हणजे काय अजिबात चालणार नाही, तेही दोरी हातात घेण्याआधीच बोलून घ्यायचं.

"आणि आफ्टरकेअर म्हणजे नंतर पांघरूण घालून जवळ बसायचं, तेच ना?"

"तेच. ते तुम्हाला येतं."

त्याने हळूच विचारलं, "हा आजार आहे का?" मॅसोकिझम, म्हणजे वेदना सोसण्यात सुख वाटणं, हा शब्द क्राफ्ट-एबिंग या मनोविकारतज्ज्ञाने साखर-माझोख या लेखकाच्या आडनावावरून पाडला, तोही लेखक हयात असताना. तेव्हापासून ही भीती आहे. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, संमतीने होणाऱ्या अशा गोष्टी नुसत्या आवडतात म्हणून आजार ठरत नाहीत. तुमचा आजार मनगटाचा, मी म्हटलं, आणि स्प्लिंट बांधायला घेतला.

जाताना तिला बजावलं: दंडाच्या या जागेवर दोरी नको, गळ्याला तर कधीच नको. बांधलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही. कात्री हाताशी हवी. "आणि दर थोड्या वेळाने याला ठेंगा दाखवायला सांगा. जमला नाही, तर गाठ सोडत बसू नका, सरळ कापा."

नस नुसती दबलेली होती, तुटलेली नव्हती. सातव्या आठवड्यात तो दारातूनच हात पुढे करून आला. अंगठा जरा थरथरत होता, पण वर होता.

"बघा, सकाळपासून मला हेच दाखवतोय," ती मागून म्हणाली.