मेजर लोकांची मीटिंग आणि ठराव क्रमांक चार

आमच्याकडे मिलिटरीतून पेन्शन आलेल्या प्रत्येक माणसाला मेजर म्हणतात. नायक असो, हवालदार असो, लंगरात भाकऱ्या भाजलेल्या असोत, गावात आला की मेजर. पप्पा हवालदार म्हणून घरी आले पण दूधवाल्यापासून तलाठ्यापर्यंत सगळे "काय मेजर" करतात, त्यामुळे लहानपणी मला खरंच वाटायचं की आपले पप्पा मेजर आहेत आणि फॅमिली क्वार्टरमधल्या शाळेत मी तसं सांगूनही टाकलं होतं, मग एका ऑफिसरच्या पोरीनं मला खांद्यावरच्या फिती आणि स्टार समजावून सांगितले. असो.

तर गेल्या महिन्यात पुण्याहून शनिवारी घरी आले आणि पिशवी ठेवते तोवर पप्पा म्हणाले, "लॅपटॉप आणलायस ना? उद्या मीटिंग आहे, ठराव टाईप करायचेत." तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेची मीटिंग. मारुतीच्या देवळामागचा हॉल, अध्यक्ष एक ऑनररी कॅप्टन, म्हणजे शिपाई म्हणून भरती होऊन शेवटी शेवटी मानाची रँक मिळालेले, पंच्याहत्तरी पार केलेले पण अजून दाढी केल्याशिवाय घराबाहेर न पडणारे. विषयपत्रिकेवर पहिलाच विषय: "राष्ट्रीय सुरक्षा व सैन्यदलांना पाठिंबा याबाबत संघटनेची भूमिका". मला वाटलं आता तीन तास पाकिस्तान.

कारण टीव्हीवर माजी सैनिक म्हटलं की तेच दिसतं ना. निवृत्त अधिकारी, मागे नकाशा, अँकर ओरडतोय, हे त्याच्यावर ओरडतायत. इथे पाकिस्तानवर बरोब्बर सात मिनिटं गेली. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर चालू होतं तेव्हा ह्याच लोकांनी कलेक्टर साहेबांना पत्र दिलं होतं की आम्हाला बोलवा, बंदूक नाही तर निदान गोदाम सांभाळतो, रक्त देतो, ड्रायव्हिंग करतो. त्या पत्राची आठवण निघाली, कुणीतरी म्हणालं तुझा गुडघा आधी बदलून घे, हसले सगळे, आणि ठराव क्रमांक एक मंजूर: सैन्यदलांना संघटनेचा पूर्ण पाठिंबा. एक ओळ. त्यावर चर्चा काय करायची, त्यांच्या लेखी तो प्रश्नच नाही. सातारा जिल्हा आहे हा, इथून जवळच अपशिंगे आहे, ज्याच्या नावातच मिलिटरी लागलंय, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातली ४६ माणसं गेली आणि आजही तिथल्या बहुतेक घरांत कुणी ना कुणी फौजेत आहे. पाठिंबा द्या असं ह्यांना कोण सांगणार.

पुढचे तीन तास गेले ते पेन्शन, अग्निवीर आणि एका काकींच्या नावावर.

पेन्शनचं आधी सांगते कारण हे बाहेरच्या लोकांना कधीच नीट कळत नाही, माझ्या ऑफिसमधल्या मित्रांना तर वाटतं की फौजी लोक पैशासाठी रडतात. जवान ३५-४० व्या वर्षी घरी येतो. बाकी सरकारी नोकर साठीपर्यंत काम करतो, त्याला पुढचे वेतन आयोग नोकरीत असताना मिळतात, ह्याला पेन्शनीत. म्हणजे पोरांची शिक्षणं सुरू होतात तेव्हा ह्याचा पगार थांबलेला असतो. माजी सैनिकांच्या संघटना कायम सांगतात की १९७३ च्या तिसऱ्या वेतन आयोगाआधी जवानाचं पेन्शन शेवटच्या पगाराच्या ७० टक्के होतं ते ५० वर आणलं, आणि तिथूनच 'वन रँक वन पेन्शन'ची, म्हणजे रँक सारखी, सर्व्हिस सारखी तर निवृत्ती कधीही होवो पेन्शनही सारखं, ही मागणी वाढत गेली. साधी गोष्ट आहे, आमच्या आळीत दोन हवालदार आहेत, सर्व्हिस सारखी, एक १९९५ ला आला आणि एक २०१३ ला. आधी आलेल्याचं पेन्शन कमी होतं, का तर तो आधी म्हातारा झाला.

२००८ मध्ये इंडियन एक्स सर्व्हिसमेन मूव्हमेंट निघाली, मेजर जनरल सतबीर सिंग पुढे होते, २००९ मध्ये माजी सैनिकांनी राष्ट्रपतींकडे मेडलं परत करायला सुरुवात केली. २०११ मध्ये राज्यसभेच्या कोश्यारी समितीनं मागणी योग्य आहे असं लिहून दिलं. तरी जून २०१५ मध्ये जंतर मंतरवर बसायची वेळ आलीच. पप्पा पण गेले होते, गोवा एक्स्प्रेसनं, साताऱ्याहून सहा जण, जनरल डब्यात, चार दिवस. रात्री बंगला साहिब गुरुद्वाऱ्यात झोपायचे. आल्यावर उपोषणाबद्दल काहीच बोलले नाहीत, गुरुद्वाऱ्यातल्या डाळीबद्दलच बोलत होते. मग १४ ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, पोलिसांनी म्हाताऱ्या फौजींना तिथून ओढून काढलं ते टीव्हीवर दाखवलं तेव्हा पप्पा उठून गोठ्यात गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आई म्हणाली जाऊ नकोस तू.

नोव्हेंबर २०१५ मध्ये आदेश निघाला, लागू १ जुलै २०१४ पासून, २०१३ मध्ये निवृत्त झालेल्यांच्या कमीत कमी आणि जास्तीत जास्त पेन्शनची सरासरी धरायची आणि दर पाच वर्षांनी फेर काढायचा, म्हणजे पेन्शन नव्यानं ठरवायचं. संघटनांचं म्हणणं हे वन रँक वन पेन्शन नाहीच, पाच वर्षांत परत फरक पडतोच की. सुप्रीम कोर्टात गेले, १६ मार्च २०२२ ला कोर्टानं सरकारचीच पद्धत मान्य केली, पण १ जुलै २०१९ पासूनचा फेर काढा म्हणाले. ते पैसे देताना पण हप्ते. हप्ते! आमच्या गल्लीतले दोघं मधल्या हप्त्यात गेले.

इथवर सगळे मेजर एकमुखानं बोलतात. गाडी अडते ती पुढे, आणि मला वाटतं खरी बातमी तिथेच आहे जी टीव्हीवर कधी येणार नाही. मिलिटरी सर्व्हिस पे म्हणून एक प्रकार आहे, एमएसपी, शेतकऱ्यांचा नाही हा वेगळा. फौजी आयुष्याच्या हालांचा मोबदला म्हणून सहाव्या वेतन आयोगापासून सुरू झाला. सातव्या आयोगात ऑफिसरला महिन्याला १५,५०० रुपये आणि जवान-जेसीओला (जेसीओ म्हणजे सुभेदार वगैरे, जवान आणि ऑफिसरच्या मधले) ५,२००. पेन्शन काढताना हा धरला जातो म्हणजे फरक मरेपर्यंत. आता पगार रँकप्रमाणे वेगळा असणार हे कुणीही मान्य करेल, पप्पा पण करतात. पण हाल? बर्फात उभं राहायचे हाल रँकप्रमाणे कसे मोजतात? एक नायक काका उठून म्हणाले, "सियाचेनला थंडी काय खांदा बघून वाजती व्हय?" आणि मी ते जसंच्या तसं ठरावात टाईप केलं, कॅप्टन साहेबांनी खोडायला लावलं. कार्यालयीन भाषा पाहिजे म्हणे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये परत जंतर मंतरवर जे बसले ते मुख्यतः जवान आणि जेसीओंच्या संघटनांचे लोक होते आणि त्यात हा एमएसपीचा मुद्दा होताच. म्हणजे २०१५ ला ऑफिसर-जवान एका सतरंजीवर आणि आठ वर्षांत सतरंज्या वेगळ्या. लोक म्हणतात फूट पाडू नका, फौज एक आहे. मला नाही पटत. चालू नोकरीतल्या जवानाला संघटना काढायची परवानगी नाही, पेपरात बोलायची नाही, मोर्चाची तर बातच नको, आणि ते बरोबरच आहे, फौज आहे ती, एसटी महामंडळ नाही. पण मग त्याचं म्हणणं येणार कुठून? पेन्शनीत आलेल्या माणसाच्या तोंडूनच. आणि तिथेही माइक फक्त जनरलांच्या हातात असेल तर शिपायाला काय वाटतं ते आपल्याला कळणारच नाही कधी, आपण समजत राहणार की फौजेचं मत म्हणजे पॅनेलवरच्या त्या चार चौकटी.

आता आठवा वेतन आयोग बसलाय, अध्यक्ष न्यायमूर्ती रंजना देसाई, म्हणून ठराव तिकडे पाठवायची कॅप्टन साहेबांना घाई. मराठी बाई आहेत तर मराठीतच पाठवू का, असं एकानं विचारलं. दोन्ही भाषेत पाठवायचं ठरलं, म्हणजे भाषांतर मीच.

हिशोब मांडणारे पण असतात. एका काकांच्या जावयानं (बँकेत आहे, सगळं येतं त्याला) मुद्दा काढला की २०२५-२६ चं संरक्षण बजेट ६.८१ लाख कोटी, त्यातले १.६० लाख कोटी पेन्शनला, मग तोफा विमानं कशानं घ्यायची? शांतता झाली जरा. मग पप्पा बोलले, एरवी मीटिंगमध्ये बोलत नाहीत. ते म्हणाले त्या आकड्यात संरक्षण खात्यातल्या सिव्हिलियन लोकांचं पेन्शन पण येतं ते आधी वेगळं करून दाखवा, आणि दुसरं, पोस्टवर उभा असलेला पोरगा दुर्बिणीतून समोर बघत असतो पण डोक्यात त्याच्या घर असतं, आईला दवाखान्यात कोण नेणार, मी गेलो तर बायकोला किती मिळणार, हे त्याला पक्कं माहीत असेल तरच तो समोर बघतो. जावई गप्प बसला. पटलं म्हणून की मोठ्या माणसाशी वाद नको म्हणून, माहीत नाही.

आणि मग काकी. त्यांचे मिस्टर पप्पांच्याच पलटणीतले, मराठा लाइट इन्फंट्री, बेळगावला एकत्र ट्रेनिंग झालेले. काका दोन वर्षांपूर्वी गेले. फॅमिली पेन्शन सुरू करायला गेल्या तर रेकॉर्डमध्ये नाव माहेरचं, आधारवर सासरचं. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची केवढी हौस, तांदळात अंगठीनं लिहितात, पेढे वाटतात, आणि ते पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे फौजेच्या रेकॉर्डला लावायचं मात्र त्या नवऱ्याच्या लक्षात राहात नाही. आधी जे काही असेल ते अलाहाबादच्या पेन्शन ऑफिसातून यायचं, आता सगळं 'स्पर्श' ह्या पेन्शनच्या पोर्टलवर. पोर्टल वाईट नाही खरं तर, माझ्यासारखीला दहा मिनिटांचं काम. पण काकींकडे साधा बटणाचा फोन, ओटीपी येतो तो नातवाच्या मोबाईलवर, नातू पिंपरीला कंपनीत, फोन लॉकरमध्ये. एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात, ॲफिडेव्हिट, गॅझेट, परत बँक. आठ महिने. ठराव क्रमांक तीन: प्रत्येक तालुक्याला महिन्यातून एक दिवस कागद बघणारा माणूस बसवावा. मला विचाराल तर सगळ्यात कामाचा ठराव हाच, पण बातमी ह्याची होत नाही.

ठराव क्रमांक चार अग्निवीर. इथे आवाज चढले. जून २०२२ मध्ये योजना आली, चार वर्षं, चारातला एक कायम, बाकी तिघांना साधारण ११.७१ लाख सेवा निधी देऊन घरी. त्याआधी कोरोनात दोन वर्षं भरतीच बंद होती, आमच्या रस्त्यावर पहाटे साडेचारला पळणारी पोरं पळत पळतच वयात बसेनाशी झाली, ते दुःख वेगळंच. काही जण म्हणाले फौज तरुण राहील, सरकारनं सरासरी वय ३२ वरून २६ वर यायचं गणित मांडलं होतं, त्यात तथ्य आहे. बहुतेकांचं म्हणणं मात्र दुसरं. नाम, नमक, निशान चार वर्षांत मुरत नाही. आणि दोघं एकाच बंकरमध्ये, एक कायमचा एक अग्निवीर, गोळा पडला तर एकाच्या घरी आयुष्यभर फॅमिली पेन्शन आणि दुसऱ्याच्या घरी ४८ लाखांचा विमा आणि ठरलेली रक्कम, पण पेन्शन नाही. बुलढाण्याचा अग्निवीर पोरगा सियाचेनवर ड्युटीवर वारला ऑक्टोबर २०२३ मध्ये, त्याचा विषय निघाला तसा हॉल एकदम गप्प झाला. पहिल्या बॅचची चार वर्षं २०२६ सरताना संपतात.

दाराजवळ आमच्या शेजारच्यांचा पोरगा बसला होता. अग्निवीर, सुट्टीवर आलेला, केस बारीक, पाठ ताठ, आजोबांना गाडीवरून घेऊन आला म्हणून थांबलेला. कॅप्टन साहेब म्हणाले, "तू सांग रे, तुझं काय मत?" तो उभा राहिला, सावधानमध्येच जवळजवळ, म्हणाला, "साहेब मला बोलता येणार नाही," आणि चहाचे कप गोळा करायला लागला. कुणी पुन्हा विचारलं नाही. विचारणाऱ्यालाही माहीत होतं.

मीटिंग संपल्यावर मी चार्जर गुंडाळत होते तर आला. "ताई, एक ओळ टाकाल का चारमध्ये? नाव नको माझं."

म्हटलं सांग.

"पैशाचं काय नाय. बाहेर पडल्यावर माजी सैनिक म्हणा एवढंच म्हणावं आम्हाला."

मला कळलंच नाही आधी. मग घरी येऊन नियम काढून वाचले. २०२२ च्या नियमांत स्पष्ट आहे, चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, ईसीएचएसचा दवाखाना नाही, कँटीन नाही, आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. ओळ टाकली मी, कार्यालयीन भाषेत. रात्री पप्पांना वाचून दाखवलं सगळं, ते चष्मा काढून ऐकत होते, म्हणाले ठीक आहे, मग कपाटातून संघटनेचा सभासद अर्ज काढला आणि माझ्यापुढे ठेवला. झेरॉक्सची झेरॉक्स, पुसट झालेला. नाव, नंबर, रँक, पलटण, आणि पाचव्या रकान्यात पीपीओ क्रमांक, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा नंबर, कंसात आवश्यक.

"हा रकाना काढून नवीन टाईप कर," म्हणाले. "पुढच्या मीटिंगला ठेवतो. कॅप्टन साहेब ऐकणार नाहीत, पण ठेवतो."