मणापासून प्रोटॉनपर्यंत

शाळेच्या आठवणी म्हटल्या की वर्गातल्या खोड्या आणि सहलींबद्दल बाकीचे लिहितीलच. मी शाळेने लावलेल्या एका सवयीबद्दल लिहितो, तीही सध्या अकरावी-बारावीत असलेल्यांसाठी: भागाकाराला हात घालण्याआधी एकक विचारायचं.

वडोदऱ्यात हा प्रश्न मणापासूनच सुरू होतो. इथल्या मार्केट यार्डात मण म्हणजे 20 किलो. जुन्या सरकारी मापाचा चाळीस शेरांचा मण मात्र 37.3242 किलो भरायचा. तेव्हा ‘एका मणात किती प्रोटॉनांचं वस्तुमान?’ असं कोणी विचारलं, तर आधी ‘कुठला मण?’ हे विचारा. आपण यार्डातला घेऊ.

प्रोटॉनचं वस्तुमान 1.6726 × 10⁻²⁷ किलो. एखाद्या पुस्तकात 10⁻²⁴ दिसलं तर ते ग्रॅममध्ये आहे, एवढंच. 20 ला याने भागलं की 1.196 × 10²⁸ येतात. कॅल्क्युलेटरवर 1.6726, गुणिले, 10, घात असं सुटं सुटं दाबलंत तर तो आधी 20 ला 1.6726 ने भागतो आणि मग 10⁻²⁷ ने गुणतो. उत्तर 10⁵⁴ पटींनी लहान येतं. घाताचं खास बटण वापरा, नाहीतर छेद कंसात टाका.

ही चूक निदान डोळ्यांत भरते. लॉगटेबलातली लपून बसते. छेदाचा लॉग ‘बार 27 पॉइंट 2234’. यात ऋण आहे ते फक्त 27, दशांश भाग धनच. म्हणून 20 च्या लॉगमधून, म्हणजे 1.3010 मधून, तो वजा केला की 28.0776 मिळतात. सगळाच आकडा ऋण धरला तर 28.5244 येतात आणि उत्तर 3.345 × 10²⁸ होतं. घात तोच, त्यामुळे संशयही येत नाही!

आता खरी गंमत. 1.196 × 10²⁸ हे वस्तुमानांचं गुणोत्तर आहे, मणभर मालातल्या प्रोटॉनांची मोजदाद नव्हे. मणभर पाणी घ्या. 20,000 ग्रॅम भागिले 18.015 (एक मोल पाण्याचं वजन ग्रॅममध्ये) म्हणजे 1110 मोल, गुणिले 6.022 × 10²³ (एका मोलमधले रेणू) केलं की रेणू 6.69 × 10²⁶. दर रेणूत 10 प्रोटॉन, म्हणून 6.69 × 10²⁷, त्या गुणोत्तराच्या जेमतेम 56 टक्के. बाकीचं वजन जवळजवळ सगळं न्यूट्रॉनांचं. इलेक्ट्रॉनही प्रोटॉनांइतकेच, पण एकेक 9.109 × 10⁻³¹ किलोचा. सगळे मिळून 6.1 ग्रॅम. जुन्या हिशेबाने अर्ध्या तोळ्याहून किंचित जास्त.

लोखंडाचं 20 किलोचं वजन घेतलंत तर आणखी एक पेच. लोह-56 च्या अणूचं वस्तुमान 55.9349 अणुवस्तुमान एकक (कार्बन-12 च्या अणूचा बारावा भाग म्हणजे एक एकक), त्याचे 26 प्रोटॉन, 26 इलेक्ट्रॉन आणि 30 न्यूट्रॉन सुटे करून बेरीज केली तर 56.4634. सगळं लोखंड लोह-56 धरलं, तर सुटे कण 20 किलोपेक्षा 189 ग्रॅम जास्त भरतात. तेवढं वस्तुमान केंद्रकं बांधली जाताना ऊर्जा होऊन निघून गेलेलं असतं. ही बेरीज करताना प्रोटॉनच्या जागी हायड्रोजन अणूचं 1.007825 घ्या. नुसत्या प्रोटॉनचं 1.007276 घेतलं तर इलेक्ट्रॉन हिशेबातून गळतात आणि 189 चे 184 ग्रॅम होतात.